चौदा पोरं, एक बॅट आणि रांगेचा ताप

पत्र आलंय ते थोडक्यात असं:

"सर, मी कोल्हापुरात फुलेवाडीकडं राहतो, बँकेत नोकरी. कॉलनीतल्या एकाचा भाऊ अमेरिकेत असतो, तो सुट्टीला आला तेव्हा बेसबॉलचे ८ ग्लोव्ह, २ लहान बॅटी आणि एक टी, म्हणजे बॉल ठेवून मारायचा स्टँड, असं सगळं देऊन गेला. मी कॉलेजात दोन वर्षं सॉफ्टबॉल खेळलोय एवढ्या भांडवलावर सगळ्यांनी मला कोच केलं. ६ ते ९ वयाची १४ पोरं आहेत, त्यात ४ मुली. शनिवार-रविवार सकाळी ७ ला मोकळ्या प्लॉटवर जमतो. दीड महिना झाला आणि मी मेटाकुटीला आलोय. बॅटिंगला सगळ्यांना पहिला नंबर पाहिजे, फिल्डिंग कुणालाच नको. बॉल गेला की सगळी एकदम त्याच्यामागं. मारलं की बॅट घेऊनच पळतात. एकजण काही केल्या ग्लोव्ह उजव्या हातातच घालतो, सांगून थकलो. एका पोराचा हात भारी आहे, त्याचे वडील म्हणतात रोज पिचिंग, म्हणजे मारणाऱ्याला बॉल टाकायचं काम, करून घ्या. माझा स्वतःचा मुलगा टीममध्ये आहे, तो घरी जाताना रडतो. तीन आठवड्यांनी दुसऱ्या कॉलनीबरोबर मॅच ठरलीय. चांगली नऊच खेळवू का सगळी? का सोडूनच देऊ? – मेटाकुटीला आलेला बाबा"

अहो बाबा, सोडू नका. किती पोरं यायची बंद झाली ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे मी धरून चालतो की चौदाच्या चौदा येतायत, आणि शनिवारी सकाळी ७ ला अंथरूण सोडून पोरगं मैदानावर येतंय म्हणजे त्याला गोडी लागलीय. शाळेत पी.टी. शिकवताना आयुष्य गेलं माझं, ज्या खेळाची गोडी नाही त्याच्या तासाला पोरांच्या पोटात कसं दुखायला लागतं ते मला चांगलं माहिताय.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्हाला वाटतंय सात-आठ प्रॉब्लेम आहेत, मला एकच दिसतोय आणि तो म्हणजे रांग. हिशोब करा की. टीवर पाच फटके मारायला एका पोराला दोन मिनिटं लागतात, चौदा जणांची झाली २८, म्हणजे प्रत्येकजण दोन मिनिटं खेळतोय आणि २६ मिनिटं नुसता उभा. सात वर्षाचं पोरगं २६ मिनिटं उभं राहून काय करणार, माती उकरणार, पुढच्याचा शर्ट ओढणार, मुंग्यांचं वारूळ शोधणार. मला रेशनच्या लायनीत २६ मिनिटं उभं केलं तर मीपण वारूळच शोधीन. ती पोरं ऐकत नाहीत असं नाही हो, त्यांच्या हाताला काम नाहीय.

तुम्ही कोल्हापूरचे, कधीतरी तालमीत डोकावला असालच. तिथं रांग बघितलीय कधी? हौद्यात एकावेळी चार-पाच जोड्या झटत असतात, कडेला कोण जोर मारतंय, कोण दोर चढतंय, बारकी पोरं खोऱ्यानं माती उकरतायत, आणि वस्ताद कट्ट्यावर बसून मधेच एकाला हाक मारतो, "अरे मान कुठं चाललीय तुझी". बास, एवढंच. चाळीस पोरं असली तरी एकबी रिकामं नसतं. तुम्हाला तेच करायचंय, फक्त मातीच्या जागी बेसबॉल.

चौदा पोरांचे तीन गट करा, पाच-पाच-चार. तीन कोपऱ्यांत तीन कामं लावा, दहा-बारा मिनिटांनी शिट्टी, गट बदलला. मधी पाणी. एक तासाच्या वर एक मिनिट नाही, एप्रिल-मेत तर आठ वाजता ऊन चटकायला लागतंय. यासाठी तुम्हाला अजून दोन मोठी माणसं लागतील आणि ती तुमच्याकडं आहेतच, प्लॉटच्या कडेला गाडीवर बसून मोबाईल बघत असतात ती.

पहिला कोपरा टीचा. प्लॉटच्या कंपाउंडला एक जुनी चादर किंवा साडी दोरीनं लोंबकळत सोडा, म्हणजे खालनं मोकळी, आणि टी तिच्यापासून सात-आठ पावलांवर. फटका चादरीवर बसतो, बॉल तिथंच खाली पडतो, कुणाला आणायला पळावं लागत नाही आणि पुढचा फटका लगेच. टीची उंची बेंबीला. बहुतेक ठिकाणी बघतो, टी पोराच्या छातीला लावलेला असतो, मग पोरगं वरनं खाली लाकूड फोडल्यासारखं मारतं आणि बॉलऐवजी स्टँडलाच लागतं. दुसरं म्हणजे पोरं टीला चिकटून उभी राहतात, बॉल पार पोटाजवळ येतो. बॉल पुढच्या पायाच्या रेषेत पाहिजे, म्हणून पोराला अर्धं पाऊल मागं घ्या, फक्कीनं दोन पायांच्या खुणा करून ठेवा आणि सांगा की यावर उभं राहायचं. तोंडानं शंभरदा सांगण्यापेक्षा फक्कीच्या दोन पावलांनी जास्त काम होतं. बॅट जड आहे का हे बघायचं असेल तर पोराला एका हातानं ती समोर आडवी धरायला लावा, दहा आकडे म्हणेपर्यंत हात खाली आला तर ती बॅट त्याची नाही, किंवा मग मूठ दांडीवर चार बोटं वर धरायला सांगा. टी अजून एक करून घ्या. उद्यमनगरात कुणाच्याही ओळखीनं पीव्हीसी पाइप एका जड बुडावर उभा करून मिळेल, वरती गाडीच्या रेडिएटरच्या जुन्या रबरी पाइपचा तुकडा बसवायचा, बॉल मस्त बसतो आणि बॅट लागली तरी काही फुटत नाही.

इथं एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. बॅट ज्याची पाळी त्याच्याच हातात. बाकीच्यांना बॅट धरायचीसुद्धा नाही, सरावाला फिरवायची पण नाही. माझ्या एका कॅम्पला मी मागं वळून कुणाच्या तरी बुटाची लेस बांधत होतो, तेवढ्यात रांगेतल्या एकानं नुसती हवेत बॅट फिरवली आणि मागच्याच्या भुवईवर बसली, चार टाके पडले. पोरगं रडलं नाही, मीच रडायचा बाकी होतो. चूक पोराची नव्हती, दुसरी बॅट मी रांगेत मोकळी सोडली होती. तेव्हापासून बॅटभोवती फक्कीचा मोठा गोल आणि त्या गोलात एकच पोरगं. मॅचमध्ये मारणारं आणि पळणारं, दोघांच्या डोक्याला हेल्मेट पाहिजेच, ती तुमच्या सामानात दिसत नाहीत, दोन-तीन तरी घ्या.

दुसरा कोपरा ग्लोव्हचा. ८ ग्लोव्ह कमी पडतात असं वाटत असेल तर गट पाचाचा झाल्यावर तीन उरतात. जोड्या लावा, दहा पावलांवर बसवा आणि बॉल जमिनीवरनं घरंगळत द्यायला सांगा, हवेतनं नको. हवेतला बॉल पहिल्यांदा नाकावर बसला की पुढं सहा महिने पोरगं डोळे मिटूनच कॅच घेतं. हवेतल्या कॅचसाठी माझी एक जुनी युक्ती आहे, रंगपंचमीचे उरलेले फुगे असतील तर पाणी भरून आणा. फुगा घट्ट धरला तर फुटतो, म्हणून पोरं आपोआप हात मागं घेत झेलतात, आणि ज्याचा फुटला तो जास्त खुश. बॉल मात्र टेनिसचा किंवा स्पंजचाच वापरा. खरा बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा असतो, क्रिकेटच्या सीझन बॉलपेक्षा थोडा हलका आणि किंचित मोठा, त्यामुळं काही पालकांना वाटतं की मऊ असणार. अजिबात नाही, लागला की कळतं. तुम्ही तर सॉफ्टबॉल खेळलाय, तो पण नावालाच सॉफ्ट.

तिसरा कोपरा पळण्याचा. चार बेस, म्हणजे पळताना पाय लावत जायचे थांबे, म्हणून चार जुनी पोती टाका. मोठ्यांच्या मैदानात दोन बेसमधलं अंतर ९० फूट असतं, अमेरिकेतल्या लिटल लीगमध्ये पोरांसाठी ते ६० फूट, आणि तुमच्या सहा वर्षांच्यांना ५० रग्गड झालं. लिटल लीग म्हणजे १९३९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट गावात सुरू झालेली पोरांची लीग, तीपण अशीच एका माणसानं स्वतःच्या भाच्यांना खेळायला मिळावं म्हणून काढलेली. सांगायचं कारण, मैदान पोराच्या मापाचं करणं हेच तिथलं पहिलं काम होतं आणि आपण नेमकं तेच विसरतो, मोठ्यांच्या मैदानात बारकी पोरं सोडतो आणि मग म्हणतो थ्रो पोचत नाही.

आता क्रिकेट. तुमची पोरं चुकत नाहीत, ती क्रिकेट खेळतायत. बॅट घेऊन पळणं, कारण क्रिकेटमध्ये बॅट क्रीजमध्ये टेकवायची असते. मारून उभं राहणं, कारण तिथं रन घ्यायचा का नाही हे आपल्या मर्जीवर, इथं पळावंच लागतं. बॉल मागं गेला की नाचणं, कारण तिथं त्याला चौकार मिळतो आणि इथं तो फाऊल, म्हणजे त्यावर रन नाही. तर ओरडत बसण्यापेक्षा एक गोष्ट करा, होम प्लेटच्या, म्हणजे जिथं उभं राहून मारतात त्या बेसच्या, बाजूला एक बादली ठेवा आणि नियम सांगा की बॅट बादलीत टाकल्याशिवाय पहिल्या बेसला पळालं तर रन नाही. पहिल्या दिवशी निम्मी पोरं बादली उलथी करतात, तिसऱ्या दिवशी सगळी शहाणी होतात, आणि बॅट हवेत भिरकावायची सवय लागत नाही हा वरचा फायदा. पहिल्या बेसवर थांबायची गरज नाही, तिथनं पुढं पळत गेलं तरी चालतं, फक्त दुसऱ्या-तिसऱ्यावर थांबायचं, हे पोरांना सांगितलं की लई आवडतं, कारण कुणालाच ब्रेक मारायला आवडत नाही. आमच्याकडची एक पोरगी होती, आपल्याकडच्या पोरी बोलतात तसं "मी थांबतच नाही सर, मी पळतो" म्हणायची आणि खरंच होम प्लेट ओलांडून थेट पाण्याच्या पिंपापर्यंत जायची.

बॉलमागं सगळी पळतात म्हणालात. गुळाच्या ढेपेला मुंगळे लागतात तशी पळणारच, या वयाला जगभर हेच चालतं. शॉर्टस्टॉप, सेंटर फिल्ड असली नावं देऊन त्यांना काही कळत नाही. फक्कीनं मैदानाचे तुकडे पाडा आणि प्रत्येकाला तुकडा वाटा, हे तुझं शेत, दुसऱ्याच्या शेतात जायचं नाही. बांधावरनं भांडणं होतील, ती होऊ देत, कोल्हापूर जिल्ह्यातल्या पोरांना बांध समजावून सांगावा लागत नाही. आणि दर इनिंगला शेत बदला, नाहीतर लांबच्या शेतातलं पोरगं पुन्हा वारुळाकडं.

ज्याचा हात भारी आहे त्याच्या वडिलांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण बाकी सगळ्या चुका निस्तरता येतात, ही येत नाही. तुम्ही सॉफ्टबॉलवाले, तिथं पिच, म्हणजे मारणाऱ्याला टाकायचा बॉल, खालून टाकतात, त्यामुळं वरनं जोरात टाकल्यावर हाताचं काय होतं हे तुम्हाला अंगानं माहीत नाही. तो झटका कोपराला आणि खांद्याला बसतो. लहान पोराच्या हाडाची टोकं अजून पक्की नसतात, तिथं वाढीची कूर्चा असते आणि रोज रोज ओढून ती सुजते, दुखते, कधी सरकते पण. तिकडं याला लिटल लीग एल्बो असंच नाव पडलंय, एवढं ते नेहमीचं. म्हणून लिटल लीगनं मोजून नियम केलेत, ७-८ वर्षांच्या पोरानं दिवसाला जास्तीत जास्त ५० पिच, ९-१० वाल्यानं ७५, आणि एका दिवसात २० च्या वर गेलं की पुढं सुट्टी, २१ ते ३५ ला एक दिवस, ३६ ते ५० ला दोन दिवस, असं चढत जातं. आणि हे तिथल्या पोरांसाठी, जी मॅच खेळतायत. तुमच्या टीमला पिचरची गरजच नाही, टीवर खेळा, किंवा त्यातल्या मोठ्या पोरांसाठी तुम्ही स्वतः गुडघ्यावर बसून हळू टाका. मी एकदा एका पोराला मॅच जिंकायच्या नादात सकाळी पण आणि दुपारी पण टाकायला लावलं होतं. दुसऱ्या दिवशी ते पोरगं वर्गात डाव्या हातानं लिहायचा प्रयत्न करत होतं. मी ते दारातनं बघितलं आणि तसाच पुढं गेलो, आत जायचं धाडस झालं नाही.

वडिलांना हे असंच सांगितलं तर पटणार नाही, कारण त्यांच्या डोक्यात बहुतेक सर्टिफिकेट आहे. आपल्याकडं अशा खेळात पोरगं घालायचं, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण, पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण, असा सरळ हिशोब असतो आणि मी त्याला नावं ठेवत नाही, गरिबाच्या पोराला त्यातनं खरंच वाट मिळालीय. पण आठ वर्षाच्या पोराची दहावी अजून सात-आठ वर्षं लांब आहे. त्यांना रिंकू सिंग आणि दिनेश पटेलचं सांगा, क्रिकेटवाला रिंकू नव्हे, दुसरा. उत्तर प्रदेशातली दोघं भालाफेक करणारी पोरं, २००८ मध्ये, म्हणजे एकोणीस-वीस वर्षांची होती तेव्हा, पहिल्यांदा बेसबॉल नीट हातात घेतला आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉल टीमनं त्यांच्याशी करार केला. लहानपणी त्यांनी एकही पिच टाकला नव्हता, हात मात्र शाबूत होता. तर पोराला सगळं खेळू दे, पळू दे, पोहू दे.

ओरडणाऱ्या पालकांचा विषय तुम्ही काढला नाही पण तो असणारच, फुटबॉलच्या सीझनला शाहू स्टेडियमवर घसा बसवलेली माणसं आहेत आपली, गप्प बसून मॅच बघायची सवय कुणाला. जो जास्त ओरडतो त्याला पहिल्या बेसजवळ उभा करा आणि सांगा की तुमचं काम फक्त "पळ" म्हणायचं. दुसरा शब्द नाही. एकाला फक्की द्या, एकाला स्कोअर लिहायला वही.

मॅच. सगळी खेळवा. यात मी वाद घालायला तयार नाही. लिटल लीगमध्ये पण प्रत्येक पोराला मॅचमध्ये खेळवावं लागतं असा नियम आहे आणि तिथं तर खरोखरची स्पर्धा असते. तीन आठवडे बाकी आहेत तर आधी त्या कॉलनीच्या कोचला गाठा, चहा पाजा आणि ठरवून घ्या: तीन इनिंग, दोन्हीकडची सगळी पोरं एकेकदा बॅटिंग करणार की इनिंग संपली, आउट झालेला बाहेर बसेल पण इनिंग चालू राहील, टी चालेल, फिल्डिंगला सगळी आत. आधी नाही ठरवलं तर मैदानावर दोन कॉलन्यांचे बाप ठरवतात आणि मग ते रात्री ग्रुपवर चालू राहतं. काहीजण म्हणतात या वयाला स्कोअरच ठेवू नये. मला ते पटत नाही, तुम्ही ठेवला नाही तरी पोरं बोटावर मोजतातच आणि दोन टीमचे आकडे वेगळे येतात. मोजू दे की. हरली तर पाच मिनिटं तोंड पाडतील, मग भडंगाचा पुडा फुटला की विसरतील. तो पुडा मोठा आणा.

तुमच्या मुलाबद्दल मात्र मला जपून लिहावं लागतंय. माझी पोरगी माझ्याच टीममध्ये होती. दुसऱ्यांच्या पोरांना मी "शाब्बास, पुन्हा" म्हणायचो आणि तिला "हे घरी शिकवलं होतं ना". माझी समजूत अशी की मी पक्षपात करत नाही म्हणून लोकांना चांगलं दिसतंय. घरी जाताना ती गाडीवर मागं बसायची आणि माझ्या पाठीला डोकं टेकवायची, लहानपणापासनं तशी सवय. त्या सीझनला कधीतरी तिनं डोकं टेकवायचं बंद केलं आणि मला ते दोन-अडीच महिन्यांनी लक्षात आलं. तर येत्या शनिवारपासून एवढं करा, तुमच्या मुलाचा गट ज्या कोपऱ्यात असेल तिथं दुसरं कुणीतरी शिकवेल, तुम्ही नाही. आणि घरी जाताना गाडीवर बेसबॉलचा ब काढायचा नाही, त्यानं काढला तरच. मधी रंकाळ्यावर थांबा पाच मिनिटं, काहीतरी खायला घ्या, त्याला बोलू दे, नाही बोलला तर नाही. तो तुम्हाला विचारेल, "पप्पा, आज मी कसा खेळलो?" तेव्हा उत्तर एकच, "मला तुझं पळणं बघायला मजा आली." त्यात "पण" घालू नका, "पण" घातला की पुढचं तेवढंच ऐकू येतं.

आणि शेवटी तो ग्लोव्ह उजव्या हातात घालणारा. तुम्ही त्याला दीड महिना डाव्या हातात घालायला सांगताय, कारण ज्या हातानं फेकायचं तो मोकळा ठेवायचा असतो, बरोबर आहे तुमचं. काही पोरं सवयीच्या हातानं बॉल पकडायला जातात म्हणून तिथंच ग्लोव्ह घालतात आणि फेकायच्या वेळी काढतात, अशी असतात. पण मला शंका वेगळीच येतेय. तो डावखुरा तर नाही ना? घरच्यांना विचारू नका, ते नाही म्हणतील. तो जेवतो कसा, लिहितो कसा हेही बघू नका, आपल्याकडं आज्जी पहिल्या घासालाच हात बदलून ठेवते. शनिवारी त्याला प्लॉटच्या कडेला न्या, चिंचेचं नाहीतर कसलंही झाड दाखवा, पायाशी चार खडे ठेवा आणि त्या फांदीला मार म्हणा. तो कुठल्या हातानं खडा उचलून भिरकावतो ते बघा. डाव्यानं भिरकावला तर पोरगं पहिल्या दिवसापासनं ग्लोव्ह बरोबर हातातच घालत होतं, फक्त तुमच्याकडचे आठही ग्लोव्ह उजव्यांचे आहेत. त्या अमेरिकेतल्या भावाला फोन करा, डावखुऱ्यांचा एक पाठवा म्हणावं, लहान, ९ किंवा १० इंची.